जलशुद्धीची उमेदवारी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा धान्यबाजारातील तेजीमंदीवर किंवा साठ्याच्या निर्बंधांवर आम्ही चार शब्द लिहावेत अशी त्यांची अपेक्षा होती. बेळगावच्या रविवार पेठेत चाळीसहून अधिक वर्षे गहू, ज्वारी व तांदूळ यांचा घाऊक व्यापार केलेल्या आणि मॅट्रिकपुढे शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने दुसरे काय लिहावे, ही शंका रास्तच आहे. परंतु गेले वर्षभर आमच्या घरी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणास जो विषय निघतो, तो धान्याचा नसून पाण्याचा आहे. आमची नात रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली आणि परगावच्या एका जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झाली. दर पंधरवड्यास ती घरी येते आणि येताना काही ना काही नवे सांगते. तिच्याकडून ऐकलेले आणि दोनदा तेथे जाऊन आम्ही स्वतः पाहिलेले असे येथे मांडण्याचा विचार आहे.

'उमेदवारी' हा शब्द आम्हां व्यापाऱ्यांस नवा नाही. आमच्या लहानपणी पेढीवर नवा मुलगा आला म्हणजे पहिले सहा महिने त्याने गादी झाडावी, तराजूची पारडी पुसावी, पोती मोजावी आणि दिवाणजींच्या मागे उभे राहून पाहावे, असा शिरस्ता होता. खतावणीस हात लावण्याची परवानगी वर्ष उलटल्यावर मिळे. सरकारने १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला व याच जुन्या रीतीस नियमांचे रूप दिले. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक यांचाही त्यात समावेश झाला. उमेदवारास दरमहा विद्यावेतन मिळते, मुदत ठरलेली असते, शेवटी प्रमाणपत्र मिळते. मात्र कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नव्हे, शिकणारा होय; आणि मुदत संपल्यावर त्याच ठिकाणी नोकरी मिळेलच अशी हमी नसते. हे ऐकून आम्ही प्रथम नाराजीच दर्शविली. घरची पेढी असता मुलीने परगावी राहून, तुटपुंज्या विद्यावेतनावर, लोकांच्या पाण्याच्या बाटल्या का धुवाव्यात, हे आम्हांस उमगत नव्हते. बाटल्या धुण्याचा उल्लेख अतिशयोक्तीचा नाही. पहिले दोन महिने तिने मुख्यतः काचसामान धुतले. काचेस साबणाचा अंश राहिला तरी परीक्षेचा निकाल बिघडतो, हा तिचा पहिला धडा होता.

नदीचे किंवा तलावाचे पाणी केंद्रात येते, तेव्हा प्रथम ते पायऱ्यांवरून खाली सोडतात, म्हणजे त्यात हवा मिसळते, वास उडतो आणि विरघळलेले लोह गाळाच्या रूपाने सुटू लागते. त्यानंतर तुरटीचे द्रावण पडते. गढूळ पाण्यात तुरटी फिरविणे आपल्या आजीपणजींस ठाऊक होते. त्यामागील कारण आम्हांस या वयात कळले. मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात आपण होऊन खाली बसत नाहीत, कारण त्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो व ते एकमेकांस दूर लोटतात. तुरटी तो भार नाहीसा करते. कण एकत्र येऊन त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि जड होऊन तळास जातात. तुरटी टाकताना पाणी प्रथम जोराने घुसळावयाचे, मग अगदी हळू फिरवावयाचे, अन्यथा झालेले पुंजके फुटतात. त्यानंतर ते मोठ्या गोल टाकीत संथ ठेवावयाचे.

तुरटी किती टाकावयाची, हा खरा प्रश्न आहे, आणि येथेच उमेदवाराची परीक्षा सुरू होते. ओळीने सहा पात्रे ठेवतात व प्रत्येकात एक लिटर कच्चे पाणी घेतात. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवून ठेवलेली असते, म्हणजे त्याच्या एका मिलिलिटरात १० मिलिग्रॅम तुरटी आली. पहिल्या पात्रात एक मिलिलिटर, दुसऱ्यात दोन, असे चढत्या क्रमाने सोडावयाचे. यंत्राच्या पात्यांनी सहाही पात्रे एकदम ढवळली जातात, एक मिनिट वेगाने, पुढे पंधरावीस मिनिटे सावकाश. आणि मग अर्धा तास स्थिर. ज्या पात्रात सर्वांत कमी तुरटीने पाणी नितळ झाले, तो त्या दिवसाचा डोस. उन्हाळ्यात तलावाचे पाणी स्वच्छ असता लिटरला १० ते १५ मिलिग्रॅम पुरते. मृगाच्या पहिल्या पुरात तेच प्रमाण ५० वर जाऊ शकते, आणि सकाळी ठरविलेला डोस दुपारी अपुरा पडतो.

आम्ही व्यापारी असल्यामुळे लगेच हिशेब केला. दिवसास पाच कोटी लिटर पाणी सोडणाऱ्या केंद्रास लिटरमागे १५ मिलिग्रॅमने साडेसात क्विंटल तुरटी लागते. ५० मिलिग्रॅमने २५ क्विंटल. काचेच्या पात्रात एका मिलिलिटरची चूक झाली तर गोदामात दिवसाला पाच क्विंटलांची चूक होते. तुरटी कमी पडली तर पाणी गढूळ जाते. अधिक पडली तर पैसा जातोच, शिवाय पाण्याची आम्लता वाढते आणि ॲल्युमिनियमचा अंश पाण्यात उरतो. आमच्या नातीच्या हातून तिसऱ्या महिन्यात अशी चूक झाली होती. काचनळीतील द्रावणाची पातळी डोळ्यांच्या रेषेत धरून वाचावयाची असते. तिने ती वरून वाकून वाचली. तिच्या वरिष्ठ बाईंच्या ते तत्काळ ध्यानी आले, म्हणून प्रकरण पात्रापुरतेच राहिले. हे ऐकून आम्हांस आमचे जुने दिवाणजी आठवले. काटा वाचताना ते मान अशी सरळ धरीत की, जणू फोटो काढावयास बसले आहेत.

टाकीतून निथळलेले पाणी वाळूच्या थरातून गाळले जाते. दोन-अडीच फूट जाडीची निवडक वाळू, तिच्याखाली गोट्यांचे थर आणि त्याखाली नळ, अशी गाळणीची रचना असते. दिवस-दोन दिवसांत वाळूत घाण अडकून पाणी उतरेनासे झाले, म्हणजे खालून उलट दिशेने हवा व पाणी सोडून वाळू धुतात. हा प्रकार पाहताना आमच्या डोळ्यांपुढे आमच्या मातोश्री उभ्या राहिल्या. विहिरीचे पाणी दुहेरी गाळण्यातून गाळल्यावर ते गाळणे उलटे करून त्यावर गाळलेले पाणी ओतीत, आणि ती जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडीत. रीत तीच, हेतू अर्थात निराळा. मातोश्रींस जीव वाचवावयाचे होते, केंद्रास वाळू वाचवावयाची असते.

आपल्या समाजात पाणी गाळून पिण्याचा आचार असल्यामुळे आपले पाणी आपोआप निर्दोष होते, अशी पुष्कळांची समजूत आहे. तिच्यात किती तथ्य आहे ते येथे सांगणे अवश्य वाटते. बांगलादेशातील खेड्यांत शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ केलेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, जुनी साडी निदान चार पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळले असता पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जलचरांस चिकटून राहतात. कापड ते जलचर अडविते व त्यांच्याबरोबर बरेच जंतू अडतात. जुनीच साडी का, तर वापराने तिचे सूत पसरते व छिद्रे बारीक होतात. आपल्या आचारास मिळालेली ही मोठी साक्ष होय. पण जे जंतू मोकळे तरंगतात ते कापडाच्या छिद्राहून कितीतरी लहान, आणि काविळीचे विषाणू त्यांहूनही लहान. ते गाळण्यातून खुशाल पार होतात. उकळलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. तेथे जंतू टिकत नाहीत. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका आणि उकळलेल्याची आठ प्रहर, हा भेद आमच्या घरी सर्वांस पाठ होता, परंतु त्याचा नळाशी संबंध जोडण्याचे कोणास सुचले नव्हते.

वाळूतून आलेले पाणी दिसावयास काचेसारखे असले तरी त्यात जंतू उरलेले असतात. म्हणून शेवटी क्लोरीन. पाण्यास सातत्याने क्लोरीन देण्याची पद्धत अमेरिकेत प्रथम जर्सी सिटी येथे १९०८ साली सुरू झाली, आणि ती आता जगभर रूढ आहे. मोठ्या केंद्रांत ९०० किलो वायूची पोलादी नळकांडी असतात. वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड, त्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो. अशा वेळी खाली वाकावयाचे नाही, वारा ज्या दिशेने येतो तिकडे आणि उंचावर जावयाचे, हे उमेदवारास पहिल्याच आठवड्यात शिकवितात. गळती कोठे आहे हे अमोनियाचा बोळा जवळ नेऊन शोधतात. तेथे पांढरा धूर उठतो.

लहान गावी वायूऐवजी ब्लीचिंग पावडर वापरतात, आणि या मालाविषयी बोलावयाचा अधिकार आमच्यासारख्या साठवणूक करणाऱ्यास थोडाफार आहेच. ताज्या पावडरीत क्लोरीनचा उपयोगी अंश सुमारे ३३ टक्के असतो. पोते फुटले, गोदामास ओल आली, ऊन लागले की, तो दिवसेंदिवस उतरतो. पोत्याचे वजन मात्र तेवढेच राहते. दहा लाख लिटर पाण्यास लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन द्यावयाचा म्हणजे दोन किलो क्लोरीन हवा. पावडर ताजी असेल तर सहा किलोत भागते. अंश २० टक्क्यांवर आला असेल तर दहा किलो लागते. जो कारकून डोळे मिटून दररोज सहा किलो टाकतो, त्याच्या वहीत सर्व ठीक असते आणि पाण्यात काही नसते. म्हणून प्रत्येक पोत्याचा कस पाहणे हे उमेदवाराचे काम. नमुन्याच्या द्रावणात आयोडीनचे क्षार, थोडे आम्ल व पिष्ट घातले म्हणजे गडद निळा रंग येतो. वरून थेंबथेंब औषध सोडावयाचे आणि ज्या थेंबाला निळा रंग नाहीसा होईल तेथे थांबावयाचे. तो एक थेंब ओळखावयास आमच्या नातीस तीन आठवडे लागले.

जंतू मारणे ही हिंसा नव्हे काय, असा प्रश्न आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी तिला केला होता. तिने उत्तर दिले नाही, आम्हीही देत नाही. त्याचा निवाडा मुनिमहाराजांनी करावा. आम्ही गृहस्थ आहोत आणि आमच्या घरी लहान मुले आहेत.

आता नमुन्याविषयी. आमच्या मते या साऱ्या विद्येचा गाभा येथे आहे. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण भात सारखा शिजला असेल तर. बाजारात आलेल्या गाडीतील वरच्या पोत्याचे तोंड उघडून मूठभर धान्य पाहणारा खरेदीदार किती दिवस टिकेल? पोकळ सळई पोत्याच्या मध्यापर्यंत व तळापर्यंत खुपसून, वरच्या, खालच्या आणि आतल्या पोत्यांतून दाणे काढावयाचे असतात. पाण्याचेही तसेच. केंद्राच्या दारातील नळ नेहमीच उत्तम निकाल देतो. तपासावयाचा असतो तो वाहिनीच्या शेवटच्या टोकाचा नळ, जेथे दाब कमी आणि पाणी येऊन पोहोचेपर्यंत क्लोरीन खर्ची पडलेला असतो.

जंतुपरीक्षेसाठी नमुना घेण्याची रीत तर एखाद्या विधीसारखी आहे. बाटली निर्जंतुक केलेली आणि तिच्या तळाशी क्लोरीन नाहीसा करणारा एक क्षार घातलेला असतो. तसे न केल्यास प्रयोगशाळेच्या वाटेवर क्लोरीन जंतू मारीत राहतो आणि निकाल पाण्याचा न येता वाटेचा येतो. नळाचे तोंड पुसून ज्योतीने भाजावयाचे. पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावयाचे. बाटलीच्या गळ्यास बोट लावावयाचे नाही, झाकण जमिनीवर ठेवावयाचे नाही, बाटली काठोकाठ भरावयाची नाही. मग बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. तेथे ती पोषक द्रवाच्या नळ्यांत घालून ३७ अंशांवर ठेवतात. दोन दिवसांत नळीत वायूचा बुडबुडा दिसला तर शंका, आणि ४४ अंशांवरच्या दुसऱ्या परीक्षेत विष्ठेतील ई-कोलाय जंतू सिद्ध झाले तर निकाल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात हा जंतू एकही आढळता कामा नये. ई-कोलाय बहुधा स्वतः फारसा उपद्रव करीत नाही. परंतु तो सापडला याचा अर्थ कोठेतरी मैलापाणी नळात शिरले, आणि त्याच वाटेने विषमज्वर, हगवण व कावीळ येऊ शकतात.

रसायनांच्या परीक्षा आम्ही थोडक्यात सांगतो. कठीणपणा मोजताना तांबडा रंग निळा होतो, मिठाचा अंश मोजताना पिवळ्याचा विटकरी होतो. विटकरी रंग यावयास एके दिवशी अकस्मात् अधिक औषध लागू लागले, तर मैलापाण्याची शंका घ्यावी असे तिच्या बाई म्हणतात. फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत असावे. त्याच्या आधिक्याने दात व हाडे बिघडतात. हैदराबादकडील नलगोंडा जिल्ह्यात हा त्रास फार. तुरटी व चुना यांनी फ्लोराइड काढण्याची तेथील नावाने प्रसिद्ध असलेली रीत नागपूरच्या संस्थेने शोधली. ही संस्था १९५८ साली स्थापन झाली आणि १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखली जाते.

आमचे आप्तसंबंधी ज्या ज्या गावी पिढ्यान् पिढ्या राहिले, तेथील लोक आपल्या पाण्याविषयी अभिमानाने बोलतात. बडोदेकर सयाजीराव महाराजांच्या काळी १८९२ साली पुरे झालेल्या आजव्याच्या सरोवराविषयी सांगतात, हैदराबादकर मुसीच्या १९०८ च्या महापुरानंतर बांधलेल्या उस्मानसागराविषयी, इंदूरकर सुमारे सत्तर किलोमीटरांवरून चढवून आणलेल्या नर्मदेविषयी. बेळगावात आम्हीही राकसकोपचे नाव तसेच घेतो. धरणास कोनशिला असते आणि तिच्यावर नाव असते. शेवटच्या नळाशी बाटली धरून उभ्या असलेल्या माणसाचे नाव कोठेही नसते, केवळ नोंदवहीतील एका रकान्यात त्याची आद्याक्षरे असतात.

त्या रकान्याविषयीच आता सांगावयाचे आहे. पाण्यात उरलेला क्लोरीन मोजण्याची परीक्षा अगदी सोपी आहे. पूर्वी एका औषधाने पाणी पिवळे होई. ते औषध आरोग्यास घातक ठरल्यामुळे आता दुसरे वापरतात, त्याने पाणी गुलाबी होते. रंग जितका गडद तितका क्लोरीन अधिक. ग्राहकाच्या नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा निदान ०.५, असे मानक सांगते. गेल्या श्रावणात आमची नात एका जुन्या वस्तीतील शेवटच्या नळावर गेली. गोळी टाकली, पाणी पांढरेच राहिले. दुसऱ्या नळावर गेली, तेथेही तेच. केंद्रात परतल्यावर नोंदवही भरावयास बसली असता एका अनुभवी सहकाऱ्यांनी तिला समजुतीने सांगितले की, ०.२ लिहावे. शून्य लिहिले तर वरून विचारणा होते, पुन्हा नमुने काढावे लागतात, उत्तर द्यावे लागते. सकाळी पाण्याचा दाब कमी होता, उद्या ठीक होईल. आणि शिकाऊ मुलीने एवढे मनावर घेऊ नये.

हे गृहस्थ दुष्ट होते असे आम्हांस वाटत नाही. तीन माणसांचे काम ते एकटे करीत आणि निवृत्तीस थोडे महिने उरले होते. तिने त्या सायंकाळी आम्हांस फोन केला. आमच्या मनात प्रथम जो विचार आला तो सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितला पाहिजे. आमच्या मनात आले की, लिही बाळ ०.२, आधी प्रमाणपत्र हाती पडू दे. ते शब्द ओठांवर येत असतानाच आम्हांस आमची भावजय आठवली.

आमच्या धाकट्या बंधूंची पत्नी १९८६ साली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. त्या गावी नळास गढूळ पाणी येत होते आणि पुष्कळांस कावीळ झाली होती. आठ-दहा दिवसांत घरोघरची माणसे बरी होऊन कामास लागली. आमची भावजय सातव्या महिन्यात होती. ती सहाव्या दिवशी बेशुद्ध झाली आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही. एकाच विहिरीचे, एकाच नळाचे पाणी प्यालेल्यांत तीच का गेली, हा प्रश्न आमच्या मातोश्री मरेपर्यंत विचारीत. कोणी दृष्ट म्हणे, कोणी कर्म म्हणे. त्याचे उत्तर आमच्या नातीने आपल्या वहीतून आम्हांस वाचून दाखविले. दिल्लीत १९५५ च्या नोव्हेंबरात यमुनेच्या पाण्यात नाल्याची घाण शिरली. केंद्रावरील लोकांनी तुरटी व क्लोरीन वाढविला, त्यामुळे विषमज्वर वा हगवण यांची साथ आली नाही. परंतु काविळीने सुमारे २९,००० लोक आजारी पडले, आणि गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. पुढे १९८० साली, पुण्याच्या विषाणुसंस्थेतील शास्त्रज्ञांचा ज्यात सहभाग होता अशा संशोधनात, जुन्या साथींतील जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासता असे ठरले की, ही ओळखीची 'अ' जातीची कावीळ नव्हेच. तिला आता 'ई' म्हणतात. ती पाण्यावाटे पसरते, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती विशेष घातक असते. इतरांस ती सहसा काही आठवड्यांत सोडून जाते.

हे सर्व मनात येऊन आम्ही काही बोलणार, तोच ती म्हणाली, "आजोबा, मी शून्यच लिहिलं आहे. तुम्हांला नुसतं कळवावं म्हणून फोन केला." तिने सल्ला मागितलाच नव्हता.

पुढे जे झाले ते काही कथेसारखे झाले नाही. विचारणा आली. त्या सहकाऱ्यांनी तिच्याशी दोन महिने कामापुरतेच बोलणे ठेवले, आणि तिला पुन्हा एक महिना काचसामानाकडे पाठविण्यात आले. वस्तीत खणावयास माणसे गेली ती नवव्या दिवशी. एका घरास गेलेली लोखंडी जोडनळी गटारातून नेलेली होती आणि ती गंजून चाळणी झाली होती. पाणी चालू असता नळातील पाणी बाहेर गळे. पाणी बंद झाले की, रिकाम्या नळीत गटारच आत ओढले जाई. ती नळी बदलली. वस्तीत तशा आणखी किती नळ्या आहेत याची मोजणी अद्याप चालली आहे. त्या नऊ दिवसांत तेथे कोणास काय झाले हे तिने आम्हांस सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

सभासद बंधूंनी या लेखातून काही घ्यावयाचे असेल तर ते आपल्या घरच्या व पेढीच्या टाकीकडे पाहून घ्यावे. केंद्रातून निर्दोष सुटलेले पाणी आमच्या गोदामाच्या गच्चीवरील टाकीत येऊन बिघडते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. लहान बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. तीत पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवावयाचे. पाणी काळे पडले तर त्यात मैलापाण्याचा अंश असल्याची दाट शंका घ्यावी. न विद्युत् लागते, न प्रयोगशाळा. आता खेडोपाडी स्त्रियांस अशा परीक्षा शिकविल्या जात आहेत. दिवाळीस आमच्या नातीने अशा चार बाटल्या आणल्या. घरची स्वच्छ राहिली. पेढीवरील, जिचे पाणी हमाल व गिऱ्हाईक दिवसभर पितात, ती दुसऱ्या दिवशी सकाळी शाईसारखी काळी झाली. टाकीचे झाकण तीन वर्षांपूर्वी वाऱ्याने उडाले होते. त्यावर आम्ही एक गोणपाट टाकला होता.

आम्ही टाकी रिकामी करून घासून घेतली, नवे झाकण बसविले व एक हजार लिटरला सुमारे चार ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, प्रथम बादलीत कालवून, वरचे निथळ तेवढे टाकीत घातले. अर्ध्या तासाने गुलाबी रंग दिसला. नंतरची बाटली तीन दिवस ठेवली तरी काळी झाली नाही. गोदामातील हमालांनी पाण्यास औषधाचा वास येतो अशी तक्रार केली आहे.

चौथी बाटली आपल्या संघाच्या सभागृहातील स्वयंपाकघराच्या नळाची होती. वार्षिक सभेच्या भोजनाचे पाणी त्याच नळाचे असते. तिचा निकाल आम्ही अध्यक्षांस लेखी कळविला आहे. टाकी धुण्यासाठी कार्यकारिणीने येत्या रविवारी सकाळी सात वाजता चार जणांस बोलाविले आहे. त्यांत आम्ही आहोत, आणि नातीस त्या दिवशी सुट्टी आहे.